माळेतलं माझं अर्धं

ऑक्टोबर लागला की आमच्या ऑफिसातला फोन खाली ठेवायला मिळत नाही. भाईंदरच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी ऑर्डरी घेते. समुद्र शांत झालेला असतो, उत्तन-पालीच्या बोटी भरून येत असतात आणि प्रत्येक नाखव्याला बर्फ आत्ताच्या आत्ता हवा असतो. "बाय, गाडी निंगाली का न्हाय?" ही चौकशी दिवसातून इतक्यांदा होते की मी ‘हॅलो’च्या जागी "निघाली, निघाली" म्हणून मोकळी होते. बाहेर ऊन असं तापतं की लादी ट्रकमध्ये चढेपर्यंत तिच्या कडा गोल होतात. पालीकडून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना वाळत्या बोंबलांचा वास असतो. मी पालीचीच. लग्न होऊन गोडदेवला आले तेव्हापासून सोसायटीत मी सांगत आले की मला तो वास आता कळतसुद्धा नाही. ऑक्टोबरात कळतो. बराही वाटतो.

मला याद्या करायची सवय आहे. त्यातली ऑक्टोबरची यादी सगळ्यांत जुनी. गाद्यांना ऊन देणे. पंखे पुसणे. पांढरा टेबलक्लॉथ इस्त्रीला टाकणे. मेणबत्त्या, जाड बघून. चणे आदल्या दिवशी भिजत घालणे. कारण हा आमचा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा, महिना. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतून फातिमा मातेची मूर्ती फिरते. ती एका घरी एक दिवस राहते. संध्याकाळी आजूबाजूची माणसं जमतात, माळ म्हणतात, चणे आणि केक खातात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची माणसं मूर्ती उचलून पुढच्या घरी पोचवतात. म्हणजे ती पाहुणी आहे, आणि पाहुणीसारखीच सगळ्यांना घर आवरायला लावते.

हे सगळं आजही तसंच चाललंय. पण पंखा पुसायला स्टुलावर चढले की मला दोन हजार सहाचा ऑक्टोबर आठवतो. आधीचे पुष्कळ ऑक्टोबर एकमेकांत मिसळून गेलेत. तो एक सुटा राहिलाय.

माळ कशी म्हणतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात, त्यांना आम्ही दशक म्हणतो. प्रत्येक मण्याला ‘नमो मरिया’ ही प्रार्थना. ती दोन तुकड्यांत म्हणायची. पहिला तुकडा एकाने म्हणायचा. त्यात मरियेला नमस्कार आणि तिची स्तुती. दुसरा तुकडा बाकीच्यांनी. त्यात मागणं: आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. एकट्याने म्हणायला मनाई नाही. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, किती लोक एकटेच पुटपुटत असतात. पण आमच्या घरात वाटणी ठरलेली होती. हाक इनासची, ओ माझी.

इनास म्हणजे माझा नवरा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. चालू इंजिनाशेजारी उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे घरातसुद्धा समोरच्या किनाऱ्यावरच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. रोज आठ वाजता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, मी स्वयंपाकघराच्या दारात. ‘नमो’ तो असा लांबवायचा की शिडाला दोरी लावून वर ओढतोय. मग ‘कृपापूर्णे’च्या आधी थांबून घसा साफ करायचा, आणि उरलेलं एका दमात संपवायचा. मधेच काहीतरी आठवायचं. "नमो मरिया... फिलो, गॅस बंद केलास ना?" मण्यांवर बोट असून मोजणीत चुकायचा.

"दहा झाले," मी म्हणायचे.

"एक जास्त गेला तर ती काय परत पाठवणार आहे?"

"हिशेब चुकतो."

"मग तू तिची पण ऑर्डर लिहून घे. मरियाबाय, गोडदेव, पन्नास नग."

मी हसायचे नाही. हसले असते तर त्याने रोज अकरा म्हटले असते. आणि मी माझं अर्धं म्हणायचे: भरभर, हलक्या आवाजात, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून.

त्या वर्षी जुलैत इनास गेला. पावसाळ्यात बोटी वर ओढून शाकारून ठेवतात, तेव्हा इंजिनवाल्याला खरं काम असतं. उत्तनच्या किनाऱ्यावर एका बोटीचं इंजिन त्याने उघडलं होतं. दुपारची वेळ, हातात पाना. जरा बसतो म्हणाला आणि बसला. जवळ दोन खलाशी होते, त्यांनी पाणी पाजायचा प्रयत्न केला. मी त्या वेळी कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगवाल्याशी फोनवर वाद घालत होते. फोन लागेना म्हणून ते खलाशी शेवटी रिक्षा करून कारखान्यात आले. मरणाऱ्याला लावायचं अभ्यंगाचं तेल घेऊन फादर पोचले तोवर फादरनाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमच्यात मरणाऱ्या माणसाला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी कानाशी वाकून येशूचं, मरियेचं, जोसेफाचं नाव घेत राहतं. जाणाऱ्याला शेवटचं ऐकू यायचं ते एवढंच, अशी समजूत. माझ्या सासूच्या कानाशी इनासने नाव घेतलं होतं, तेही आपल्या त्या आवाजात. म्हातारी आवाजाला घाबरून अजून दोन दिवस जगली असं तो सांगायचा. त्याच्या कानाशी कुणी नव्हतं. इंजिन होतं, तेही बंद.

मयताच्या घरात मी काय केलं, तर याद्या केल्या. शवपेटी, फुलं, चर्चमधली मिस्सा, दाखला, बँक. ग्लेनला, म्हणजे आमच्या मुलाला, जहाजावर निरोप. तो पोचला तेव्हा सातव्या दिवसाची मिस्सा होती. महिन्याची मिस्सा झाल्यावर मीच त्याला परत धाडला. करार होता त्याचा. पालीहून कातूमावशी आली होती, माझ्या आईची धाकटी बहीण, नवरा समुद्रात गेलेला आणि सापडलेलाच नाही अशी. ती माझ्या लिहिण्याकडे बघत बसली.

"काय लिवतेस गो सारखी?"

"काम आहे, मावशी."

"रडून घे आधी. काम कुठं पलतंय?" मग म्हणाली, "कानात नाव कुनी घेतला न्हाय, ह्येच टोचतंय ना तुला?"

तेच टोचत होतं. बाकी सगळ्यावर काहीतरी करता येत होतं, त्यावर काही करता येत नव्हतं.

फादर चांगले होते. म्हणाले, देव दयाळू आहे, तो तेलाची आणि घड्याळाची वाट बघत नाही. मला ते पटलं. पण रात्रीचं जेवण एकटीचं वाढून घेताना पटलेल्या गोष्टी उपयोगी पडत नाहीत. सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं, प्रार्थना कर, बळ येईल. म्हणून एका संध्याकाळी आठ वाजता मी माळ घेऊन बसले. माझ्या नेहमीच्या जागी, दारात. आणि लक्षात आलं की मी वाट बघतेय.

पहिलं अर्धं मला येत नव्हतं असं नाही. लिहून दाखवलं असतं. पण त्या घरात त्या शब्दांना इनासचा आवाज होता. ते मी म्हणायचं म्हणजे त्याचा शर्ट घालून दार उघडायला जाण्यासारखं होतं. मग मी सरळ दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात केली, ‘हे पवित्र मरिये’पासून. तेही विचित्र वाटलं. कुणी हाक मारली नाही आणि बाई घरात बसून ओ देतेय. तीन-चार मणी गेले असतील. मी माळ ड्रॉवरमध्ये ठेवली आणि टीव्ही लावला. ऑगस्ट असाच गेला, सप्टेंबरही. आठ वाजता आमच्याकडे मालिकेतल्या सासवा बोलायच्या.

दर वर्षी मूर्तीचा क्रम मी लावायचे. त्या वर्षी पिंटो टीचरनी लावला. टीचर दुसऱ्या मजल्यावरच्या, मंगळूरच्या, अख्खं आयुष्य शाळेत गणित शिकवलेल्या. त्यांच्याकडे आम्ही सगळ्या जमलो होतो. त्या बोटांवर घरं मोजत होत्या.

"मंडेला बी विंग. वेन्सडेला अँथनी, मग..."

"आणि तिसरा मजला?" मी विचारलं. तिसऱ्या मजल्यावर ख्रिस्ती घर एकच, माझं.

"फिलो, धिस इयर तू आराम कर या. इतना सब झालं तुझ्याबरोबर." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आणि घरात डेकेड बोलायला माणसं पाहिजेत ना. पाच जण नको तर नको, दोघं तरी. तू अकेली."

"म्हणजे नवरा गेल्यावर माझं घर ख्रिस्ती राहिलं नाही?"

"अरे देवा! बघा कशी बोलते. तुझ्या चांगल्यासाठीच बोलतेय ना मी."

"माझ्या चांगल्याचं मी बघते, टीचर. पुढचा मंगळवार मोकळा दिसतोय. तो माझा."

"मंगळवारी दुःखाची रहस्यं असतात," त्या हळूच म्हणाल्या. प्रत्येक दशकाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा असतो. काही वारी आनंदाचे प्रसंग, काही वारी दुःखाचे.

"मग बरोबरच आहे," मी म्हटलं.

एवढं तोऱ्यात बोलून वर आले आणि मग घाबरले. घरच्या बाईला एक दशक सांगावं लागतं. सांगायचं म्हणजे पहिलं अर्धं म्हणायचं. माझ्या घरात, माझ्या तोंडून, वीसेक माणसांसमोर. जमलं नाही तर टीचर म्हणत होत्या ते खरं ठरणार होतं. या घरात आता प्रार्थना होत नाही, हे सगळ्यांना कळणार होतं. मुख्य म्हणजे मला.

तो दिवाळीच्या आठवड्यातला मंगळवार. अख्ख्या सोसायटीला तळणीचा वास होता. मी यादीप्रमाणे सगळं केलं: टेबलक्लॉथ, शेवंती, चणे. कातूमावशी पालीहून दुपारीच आली, कागदात बांधलेले सुके बोंबील घेऊन.

"मरियेला काय बोंबील वाहायचे?"

"तिला न्हाय, तुला. सुकून काठी झालीस. बोंबलात नि तुझ्यात काय फरक राह्यला न्हाय."

सात वाजता बी विंगवाल्यांनी मूर्ती आणली, गाणं म्हणत, जिना चढून. आणि ती टेबलावर बसते न बसते तोच लाइट गेली. तेव्हा भाईंदरला लोडशेडिंग होतं. सवयीने सगळ्यांनी आपापली मेणबत्ती पेटवली. पंखा बंद, खिडक्या उघड्या. शेजारच्या सावंत वहिनी दारात उभ्या होत्या. त्या रत्नागिरीच्या, आमची त्यांची मधली भिंत एकच. दर वर्षी मूर्ती आली की दारातून नमस्कार करून जायच्या. त्या दिवशी मी म्हटलं, आत या, तर आल्या, दिवाणाच्या कडेला टेकल्या. पदराला भाजणीचं पीठ लागलेलं होतं.

आमच्या सोसायटीत माळ ज्याच्या त्याच्या भाषेत होते. टीचरनी पहिलं दशक इंग्रजीत सांगितलं, अँथनींनी तमिळमध्ये, बी विंगच्या बाईंनी कोंकणीत, कातूमावशीने आमच्या मराठीत. ओ देणारे आपापल्या भाषेत ओ देतात. तो आवाज बंदरावरच्या लिलावासारखा असतो, शब्द कळत नाहीत, पण ‘आमेन’ला सगळे एका वेळी पोचतात. मी त्या गर्दीत माझं अर्धं म्हणत राहिले. सोपं होतं. मग पाचवं दशक आलं. टीचरनी प्रसंग सांगितला: येशू क्रुसावर मरण पावतो. सगळे थांबले. आता मी.

मी तोंड उघडलं आणि ‘हे पवित्र मरिये’ बाहेर पडलं.

दुसरं अर्धं. सुरुवात सोडून. थांबवताही आलं नाही. शेवटपर्यंत म्हणून गेले, आणि ‘आमेन’ एकटीचंच झालं. त्याला ओ कशी द्यायची ते कुणालाच माहीत नव्हतं. ओ तर मीच दिली होती.

"फिलो, हेल मेरी," टीचर कुजबुजल्या. "हेल मेरी से स्टार्ट कर."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा तेच बाहेर आलं. या वेळी अर्ध्यात थांबले. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. ते बघण्यापेक्षा वाईट.

तेवढ्यात दिवाणाकडून आवाज आला. "नमो..."

लांबवलेला. शिडाची दोरी ओढल्यासारखा. मग "मरिया". मग थांबा, घसा साफ करायला लागतो तेवढा. मग ‘कृपापूर्णे’पासून पुढचं एका दमात. आवाज बाईचा होता, चाल इनासची. सावंत वहिनींनी डोक्यावर पदर घेतला होता, डोळे मिटले होते, हात आरतीला जोडतात तसे जोडले होते.

मी ओ दिली. तोंडाला त्याच जागेची सवय होती. त्यांनी पुन्हा हाक मारली, मी पुन्हा ओ दिली. हळूहळू बाकीचेही माझ्या बाजूने आले. पण पहिल्या दोन-तीन मण्यांना मी एकटीच होते, आणि पंखाही नव्हता, कुकरही नव्हता. माझं अर्धं मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.

‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी, इनासच्या प्रत्येक हाकेला, मी हेच म्हणत आले होते. भाजी करपू नये म्हणून घाईने म्हटलं असेल, कंटाळून म्हटलं असेल, पण म्हटलं होतं. जुलैतल्या त्या दुपारसाठी जे मागायचं ते मी त्याच्यासमोर बसून, त्याच्या कानावर पडेल असं, आधीच मागून ठेवलं होतं. मी ऑर्डरी घेणारी बाई आहे. आगाऊ नोंदवलेल्या ऑर्डरीचा अर्थ मला कळतो. गाडी निघाली तेव्हा फोनवर कोण होतं याला महत्त्व नसतं.

वहिनी दहाला थांबल्या नाहीत. दहा असतात हेच त्यांना माहीत नव्हतं. टीचरनी बोट वर केलं, मग दुसरं बोट वर केलं. दहा झाले हे सांगायचं काम माझं. मी सांगितलं नाही.

शेवटी चणे वाटताना वहिनी माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या. चेहरा उतरलेला.

"चुकलं काय ओ माझं? तुमच्यात चालतं ना?"

"शिकलात कुठे तुम्ही?"

"शिकतेय कुठे? भिंत एकच ना आपली. आठ वाजले की भावजींचा आवाज यायचा, त्याच्यावर मी भाकऱ्या थापायचे. इतक्या वर्षांत तेवढं बसलं डोक्यात. पुढचं नाय येत. तुम्ही म्हणायच्या ते कधी ऐकूच आलं नाय, तुम्ही इतक्या हळू." मग चण्यांची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "चार महिने भाकऱ्या धड होत नायत माझ्या."

तेव्हा मी रडले. जुलैपासून पहिल्यांदा, ओट्याला टेकून. मावशी आत डोकावली आणि म्हणाली, "झाला एकदाचा," आणि चणे वाटायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मूर्ती पोचवायची होती. दर वर्षी ती इनास न्यायचा, मी मेणबत्ती घेऊन पुढे चालायचे आणि पायऱ्या सांगायचे. या वेळी मी मूर्ती उचलली. हातावर जमेना म्हणून कडेवर घेतली, लहान मूल घेतात तशी. मागून लोक गात होते. जिना उतरताना तिचा मुकुट माझ्या कानाला टोचत होता. अँथनींच्या दारात मी तिला त्यांच्या सुनेच्या हातात दिलं, थोडा वेळ प्रार्थनेला बसले, आणि परत आले. घरात टेबल मोकळं, शेवंती वाळायला लागलेली. आदल्या संध्याकाळी एवढं काही मिळालं होतं, आणि आता पुन्हा तीच खुर्ची, तीच खिडकी. त्या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात हे मला तेव्हा नवीन होतं. आता सवय झालीय.

आठला बेल वाजली. सावंत वहिनी. "भाकऱ्या झाल्या. बसू काय थोडी?"

मग त्या रोज यायला लागल्या. मी दारात, त्या दिवाणावर. खिडकीजवळच्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत, मी सांगितलं नसताना. त्या हाक मारायच्या, मी ओ द्यायचे. मधेमधे शंका यायच्या.

"तुमचे मणी पन्नासच ना? आमच्याकडे एकशे आठ. तुमचं बरंय."

"पण तुमच्यात उत्तर द्यावं लागत नाही."

"ते पण खरं. आमचा देव काय ते समजून घेतो."

"तुमच्या गणपतीला चालतं का हे?"

"त्याला मोदकाशी मतलब. आणि ही पण आईच ना कुणाची तरी."

माळ संपली की त्या उठून जायच्या आणि उरलेली संध्याकाळ लांबच लांब असायची. खोटं कशाला लिहू? श्रद्धेने माझं घर भरलं नाही. ग्लेनचा फोन रविवारी यायचा, कधी यायचा नाही. दूध उरायचं. ताप आला तर पाण्याचा ग्लास स्वतःच उठून घ्यावा लागायचा. पण दिवसात उभं राहायला एक जागा झाली होती. तिथले शब्द मला शोधावे लागत नव्हते, ते माझ्या आधीच्या बायकांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेले होते. दुःखात माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. आम्हाला ते तयार मिळतं. हे मी पूर्वी यांत्रिक समजायचे. आता सोय समजते, आणि सोय हा शब्द मी हलका मानत नाही.

आता मी दोन्ही अर्धी म्हणते. हाकही माझी, ओही माझी. ते कसं जमलं एवढंच सांगायचं राहिलं.

दीड वर्षाने वहिनींच्या यजमानांना, सावंतसाहेबांना, अर्धांगाचा झटका आला. मुलांनी ठरवलं, दोघांना गावी ठेवायचं. तिकडे अंगण आहे, भाऊबंद आहेत, इथला जिना त्यांना या जन्मी उतरता येणार नाही. मे महिन्यात सामान बांधलं. सकाळी टेम्पो येणार होता, आणि आदल्या संध्याकाळी आठ वाजता वहिनी आल्या. हाताला सुतळीचे वळ होते. दिवाणावर बसल्या, पदर घेतला, हात जोडले. मी त्यांच्या ‘नमो’ची वाट बघत होते.

"आज मी नाय हाक मारणार," त्या म्हणाल्या.

"का हो? दमलात?"

"मला ते दुसरं शिकवा. तुमचं." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे सावंतसाहेब पलंगावर होते. "हाक मारायला येते मला. मागायला येत नाय. तिकडे लागेल."

मी उठले. "थांबा, लिहून देते."

"नको, नको. लिहिलेलं माझ्याकडून हरवतं. ऐकलेलं राहतं."

मग मी एकेक शब्द सांगितला, त्या माझ्यामागून म्हणत गेल्या. ‘मरणाच्या वेळी’ला त्यांचा आवाज दोनदा अडकला. तिसऱ्यांदा गेला. चौथ्यांदा त्यांनी मला थांबवलं.

"आता येतं बहुतेक. तुम्ही सुरू करा फिलोवहिनी, मी पुढचं जोडते."

त्या माझ्याकडे बघत होत्या, ओठ आधीच ‘हे पवित्र’ला तयार ठेवून. त्यांना ओ द्यायची होती, आणि हाक मारायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी दारातून उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, पहिला मणी बोटात धरला आणि म्हटलं, "नमो मरिया", मोठ्याने, पलीकडे पलंगावर सावंतसाहेबांना स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.